परीक्षेआधीचे बारा दिवस : इंदुरातल्या मुलांची मराठी उजळणी

इंदुरातल्या मराठी घरातलं तिसरी-चौथीतलं मूल आजीशी मराठी बोलतं, शाळेत हिंदी किंवा इंग्रजीत शिकतं आणि गल्लीत खेळताना पुन्हा हिंदीवर येतं. मराठी वाचणं-लिहिणं होतं ते रविवारच्या वर्गात, नाहीतर संध्याकाळी आजोबांच्या शेजारी बसून. अशा मुलाची मराठीची परीक्षा जवळ आली की घरात सगळे धडे पहिल्यापासून पुन्हा वाचून घेतले जातात. ही मेहनत बरीचशी वाया जाते. ओळखीचा धडा मूल डोळ्यांनी वाचत नाही, आठवणीने म्हणतं. परीक्षेत अनोळखी उतारा समोर आला की अडतं, आणि मोठ्यांना वाटतं, "घरी तर सगळं येत होतं!"

या मुलांच्या चुका कशाही, कुठेही होत नाहीत. हिंदी आणि मराठी दोन्ही देवनागरीत लिहिल्या जातात, म्हणून मूल मराठी शब्द हिंदीच्या सवयीने वाचतं आणि हिंदीच्या सवयीने लिहितं. महाराष्ट्रात छापलेल्या सरावपुस्तकांत या चुकांवर फारसं काही सापडत नाही, कारण यातल्या बऱ्याचशा चुका तिथली मुलं करतच नाहीत. म्हणून उजळणी धड्यांच्या क्रमाने घेऊ नका, चुकांच्या क्रमाने घ्या. आपल्या मुलाच्या चुका कोणत्या जातीच्या आहेत ते पहिल्या दिवशी शोधायचं आणि पुढचे दिवस त्यांच्यावरच घालवायचे.

आधी काय जमवायचं

वर्गाच्या बाईंना किंवा सरांना चार गोष्टी विचारून घ्या: उतारा पुस्तकातला येणार की बाहेरचा, श्रुतलेखन आहे का, निबंध असतो की पत्र, आणि एकूण गुण व वेळ किती. हे कळलं नाही तर बारा दिवसांतले चार दिवस नको त्या गोष्टींवर जातात.

सामान फार लागत नाही. एक दुरेघी वही, दोन पेन्सिली, सेकंदकाटा असलेलं घड्याळ किंवा मोबाईल, आणि तीस-चाळीस चिठ्ठ्या. चिठ्ठ्यांसाठी जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू उत्तम, जाड असते आणि पोरांच्या हातात टिकते. वाचायला अनोळखी मजकूर हवा. बालभारती या महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळाची पुस्तकं त्याच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. त्यांत मराठी माध्यमासाठीचं "बालभारती" याच नावाचं पुस्तक वेगळं आणि इतर माध्यमांच्या शाळांसाठीची सुलभभारती वेगळी. इंदुरातल्या मुलाला सुलभभारती घ्यावी, तीही आधी एक इयत्ता खालची. चौथीतल्या मुलापुढे तिसरीचं पुस्तक ठेवण्यात कमीपणा काही नाही. सोप्या मजकुरावर वेग येतो, आणि वेग आल्यावर कठीण मजकूर पेलतो.

रोज तीस मिनिटं पुरतात: दहा वाचनाची, दहा शब्द आणि व्याकरणाची, दहा लिहिण्याची. शाळेच्या व्हॅनमधून उतरल्याबरोबर बसवू नका. खाणं-खेळणं झाल्यावर, दिवेलागणीच्या सुमारास बसवा. सलग दोन तास बसवलेल्या मुलाचा दुसरा तास निव्वळ रेघोट्यांचा असतो.

पहिला दिवस : फक्त तपासणी

या दिवशी शिकवायचं काहीच नाही. खालचा उतारा मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवून मुलाला द्या आणि त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवा.

"रविवारी सकाळी आजोबा आणि नेहा राजवाड्यासमोरच्या बागेत गेले. पावसाळ्याचे दिवस होते. झाडाखालचा बाक ओला होता, म्हणून आजोबांनी पिशवीतला जुना रुमाल काढून त्यावर अंथरला. समोर एक फुगेवाला उभा होता. त्याच्याकडे निळे, पिवळे आणि जांभळे फुगे होते. नेहाने निळा फुगा घेतला. इतक्यात जोराचा वारा आला आणि तिच्या हातातली दोरी सुटली. फुगा राजवाड्याच्या वरच्या मजल्यापर्यंत उडाला. नेहा रडवेली झाली. आजोबांनी काही न बोलता खिशात हात घातला."

हे ६३ शब्द आहेत. मूल मोठ्याने वाचत असताना आपल्या प्रतीवर खुणा करा: चुकीच्या वाचलेल्या शब्दाखाली आडवी रेघ, गाळलेल्या शब्दाभोवती गोल. तीन सेकंदांहून जास्त अडलं तर शब्द सांगून टाका आणि तिथे उभी रेघ मारा. मुलाने स्वतःच मागे येऊन दुरुस्त केलेला शब्द चुकीत धरू नका, ते चांगल्या वाचनाचं लक्षण आहे. मधे टोकू नका. एक मिनिट झालं त्या शब्दाजवळ खूण करा, पण वाचन पूर्ण होऊ द्या.

आता मोजा. तीनपर्यंत चुका असतील तर या पातळीचा मजकूर मुलाला पेलतो. चार ते सहा असतील तर सरावासाठी हीच पातळी योग्य. सहाच्या वर गेल्या तर पुस्तक एक इयत्ता खाली आणा, कारण दर दहा शब्दांमागे एक अडत असेल तर अर्थ हाताला लागत नाही.

वेगाबद्दल एक इशारा. केंद्र सरकारच्या २०२१च्या निपुण भारत मोहिमेत दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून, असं उद्दिष्ट ठेवलं आहे. मुलाच्या हिंदी वाचनाचा वेग शाळेत या मापाने मोजला जातो म्हणून तोच आकडा मराठीला लावू नका. "राजवाड़े के सामने के" हे हिंदीत चार शब्द होतात, मराठीत "राजवाड्यासमोरच्या" हा एकच. आकडा कमी दिसला तरी मूल तेवढीच अक्षरं वाचत असतं. तिसरी-चौथीत मराठीचे मिनिटाला चाळीस-पंचेचाळीस शब्द बिनचूक येत असतील तर वेगाची काळजी सोडा आणि चुकांकडे वळा.

वाचन झाल्यावर तोंडी पाच प्रश्न विचारा. फुगे कोणकोणत्या रंगांचे होते? आजोबांनी रुमाल का अंथरला? "त्यावर" म्हणजे कशावर? बाक कशामुळे ओला झाला असेल? आजोबांनी खिशात हात का घातला असेल? पहिल्याचं उत्तर उताऱ्यात जसंच्या तसं आहे, शेवटच्या दोघांचं ओळींच्या मधे आहे. कोणते प्रश्न अडले तेवढं टिपून ठेवा.

शेवटी बारा शब्दांचं श्रुतलेखन: पाणी, कवी, विहीर, फूल, फुलाला, बहीण, बहिणीला, भिंत, वाऱ्यावर, सूर्य, पिशवी, आणि. शब्द दोनदा सांगा, घाई करू नका, चेहऱ्यावरून इशारा देऊ नका.

या तिन्ही कागदांवरून चुकांच्या दोन, फार तर तीन जाती निवडा. सगळ्याच सुधारायला गेलात तर एकही सुधारणार नाही.

वाचताना जीभ कुठे घसरते

सर्वांत आधी ळ. हिंदीच्या पुस्तकात तो भेटत नाही, म्हणून मूल "सकाळी"चं "सकाली" आणि "निळा"चं "निला" करतं. बोलताना मात्र तेच मूल "जेवायला बस" म्हटल्यावर "थोड्या वेळाने" असं अगदी स्वच्छ म्हणतं. म्हणजे ध्वनी येतो, अक्षर ओळखीचं नाही. म्हणून उच्चाराचे धडे देत बसू नका. ळ असलेले दहा शब्द चिठ्ठ्यांवर लिहा (केळं, डोळा, पोळी, शाळा, वेळ, काळा, फळ, गूळ, मूळ, टाळी) आणि रोज एकदा झरझर वाचून घ्या. चौथ्या दिवशी डोळ्याला सवय होते. "वेळ" आणि "वेल", "काळ" आणि "काल" या जोड्या शेजारी ठेवल्या तर ल-ळ बदलला की अर्थही बदलतो हे मुलाला आपोआप कळतं.

दुसरी गोष्ट च, ज, झ यांच्या दोन उच्चारांची. "चार", "चंद्र", "जेवण" यांतले उच्चार हिंदीसारखेच. पण "चाक", "जुना", "झाड" यांत जीभ दातांमागे टेकते. लिपीत फरक दिसत नाही. नियम एकच उपयोगाचा आहे: पुढे इ, ई, ए किंवा य असेल तर उच्चार बहुधा हिंदीसारखा होतो. "माझा" आणि "माझी" मोठ्याने म्हणून पाहा, फरक ऐकू येईल. बाकी सगळं कानाने. तोंडी परीक्षेत याला गुण असतील तर आजीने रोज पाच ओळी वाचाव्यात आणि मुलाने तिच्या मागोमाग त्याच ओळी वाचाव्यात. लेखी परीक्षेसाठी यावर वेळ घालवू नका.

तिसरी अडचण मोठी, आणि घरात ती क्वचितच ओळखली जाते. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. "मजल्यापर्यंत", "हातातली", "झाडाखालचा" असे लांब शब्द आले की मूल पहिली दोन अक्षरं वाचून बाकीचा अंदाज बांधतं. उपाय असा: लांब शब्द शेवटाकडून सोडवायचा. बोटाने "चा" झाका, राहतं "झाडाखाल". "खाल" झाका, राहतं "झाडा". हे "झाड"च आहे हे कळल्यावर एकेक तुकडा परत जोडत पूर्ण शब्द म्हणायचा. रोज असे पाच शब्द. दुसऱ्या ते चौथ्या दिवसापर्यंत वाचनाची दहा मिनिटं अशीच घाला: एकच साठ-सत्तर शब्दांचा उतारा तीनदा वाचायचा, पहिल्यांदा अडत-थांबत, मग लांब शब्द सोडवायचे, मग दोनदा सलग. तिसऱ्या वाचनाला लागलेला वेळ वहीत लिहा. आपलाच आकडा सुधारलेला दिसला की मूल चौथ्यांदा स्वतःहून वाचायला मागतं.

अक्षरांच्या वळणाबद्दल एवढंच: मराठी पुस्तकांतले ल आणि श हिंदी पुस्तकांतल्यापेक्षा वेगळ्या वळणाचे असतात. मुलाला दोन्ही वाचता यावेत, आणि लिहिताना वर्गात शिकवलेलं एकच वळण ठेवावं. परीक्षेच्या तोंडावर हात बदलायला लावू नका.

उताऱ्यावरचे प्रश्न

"का" हा छोटा शब्द इथे सर्वांत जास्त गुण खातो. हिंदीत "का" म्हणजे "चा". मराठीत तो कारण विचारतो. घाईत वाचताना मूल "रुमाल का अंथरला" यातला "का" सरळ ओलांडून जातं आणि "आजोबांनी रुमाल अंथरला" एवढंच लिहून मोकळं होतं. म्हणून प्रश्न वाचल्यावर उत्तराआधी प्रश्नार्थक शब्दाला गोल करायचा, ही सवय पाचव्या दिवसापासून लावा. गोल केलेल्या शब्दावरून उत्तराचा शेवट ठरतो: "का" असेल तर उत्तरात "म्हणून" किंवा "कारण", "कशासाठी" असेल तर "साठी", "कुठे" असेल तर जागा, "केव्हा" असेल तर वेळ, "कशामुळे" असेल तर "मुळे".

पूर्ण वाक्यात उत्तर लिहायला शिकवताना प्रश्नच वापरायचा. "आजोबांनी रुमाल का अंथरला?" यातला "का" काढा, त्या जागी कारण बसवा: "बाक ओला होता म्हणून आजोबांनी त्यावर रुमाल अंथरला." मुलाला ही युक्ती दोन दिवसांत येते.

ओळींच्या मधलं उत्तर मात्र शिकवावं लागतं. "आजोबांनी खिशात हात घातला" इथे पैशांचा उल्लेखच नाही. मूल म्हणतं, "दिलंच नाहीये." तेव्हा उत्तर सांगू नका. विचारा: आधी काय झालं? नेहाला कसं वाटलं? आजोबांच्या खिशात काय असेल? मूल "पैसे" म्हणालं की पुढचा प्रश्न लगेच: "कशासाठी?" अशा वेळी "असेल" हा शब्द वापरायला शिकवा. "आजोबांनी नवा फुगा घेऊन देण्यासाठी खिशातून पैसे काढले असतील." प्रश्नात "असेल" दिसला की उत्तरातही "असेल" किंवा "असतील" हवं, हे मुलाला लक्षात ठेवायला सोपं जातं.

सर्वनामांवर रोज एक प्रश्न विचारा: "तिच्या हातातली" म्हणजे कुणाच्या? "त्याच्याकडे" म्हणजे कुणाकडे? लांब उताऱ्यात मूल इथेच हरवतं.

शुद्धलेखन : पाच गोष्टी, बाकी सोडा

महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेले मराठी लेखनाचे नियम चौथीच्या मुलाला पाठ करून घ्यायची गरज नाही. पुढच्या पाच गोष्टी आल्या तर इंदुरातल्या मुलाच्या बहुतेक चुका आवरतात.

१. शब्दाच्या शेवटची वेलांटी आणि उकार दीर्घ. हिंदीत "कवि", "गुरु". मराठीत "कवी", "गुरू". शाळेत एक लिहायचं आणि वर्गात दुसरं, म्हणून मूल गोंधळतं. त्याला स्पष्ट सांगा, दोन्ही आपापल्या घरी बरोबर आहेत. "आणि", "परंतु" हे अपवाद तेवढे लक्षात ठेवायचे. शब्द पुढे वाढला तर मात्र "गुरुवार", "कविता", कारण तिथे रु आणि वि शेवटी राहिले नाहीत.

२. शब्द अकारान्त असेल, म्हणजे शेवटच्या अक्षराला काना-मात्रा-वेलांटी काही नसेल, तर शेवटून दुसऱ्या अक्षराची वेलांटी किंवा उकार दीर्घ: फूल, विहीर, बहीण, गरीब, इंदूर. त्यालाच प्रत्यय लागला किंवा अनेकवचन झालं की तेच अक्षर ऱ्हस्व: फुलाला, विहिरीत, बहिणीला, गरिबाला, इंदुरात. हिंदीत "दूध" आणि "दूध में" सारखंच राहतं, म्हणून मूल "दूधात" लिहितं. मराठीत "दुधात". "चूक" आणि "चुका" ही जोडी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमात बसत नाहीत: गुण, मंदिर, सुख ऱ्हस्वच राहतात, आणि "शरीर"चं "शरीराला" होतं. असे शब्द धड्यात आले तेवढेच पाठ करावेत.

३. जोडाक्षराच्या आधीच्या किंवा अनुस्वार असलेल्या अक्षराची वेलांटी आणि उकार बहुधा ऱ्हस्व: भिंत, चिंच, पुस्तक, कुस्ती.

४. प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय जोडून लिहायचं. हिंदीत "पेड़ के नीचे" सुटं, म्हणून मुलाच्या वहीत "झाडा खाली", "घरा समोर", "आजी साठी" असं येतं. चिठ्ठ्यांचा खेळ घ्या: एका ढिगात झाड, शाळा, राजवाडा, पाणी, भाऊ, नदी. दुसऱ्यात ला, त, खाली, समोर, साठी, पर्यंत. दोन्हींतून एकेक उचलायची आणि जोडून लिहायचं. शब्द आतून कसा बदलतो हेही इथेच कळतं: शाळा-शाळेत, राजवाडा-राजवाड्यात, पाणी-पाण्यात, भाऊ-भावासाठी. "शाळात" आणि "पाणीत" असं लिहिणारं मूल हा खेळ चार दिवस खेळलं की सुधारतं, नियम न सांगता.

५. "ऱ्य" आणि "र्य". "वाऱ्यावर", "दुसऱ्या", "किनाऱ्यावर" यांत र चा अर्धा गोल पुढच्या अक्षराला धरतो. "सूर्य", "कार्य" यांत रफार डोक्यावर बसतो. दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या, दर्या म्हणजे समुद्र. ही एक जोडी फळ्यावर काढून दाखवली की मुलं विसरत नाहीत.

आणि पूर्णविराम! हिंदीत वाक्याअखेर उभा दंड येतो, मराठीत टिंब. बरीच मुलं मराठी निबंधभर दंड देत जातात. परीक्षक ते मोजतो.

श्रुतलेखन रोज दहाच शब्दांचं घ्या. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावू नका, तिसऱ्या वेळेनंतर हात चालतो आणि डोकं थांबतं. त्याऐवजी बरोबर शब्द बघायचा, झाकायचा, आठवून लिहायचा, उघडून ताडायचा. चुकलेला शब्द चिठ्ठीवर जातो आणि दुसऱ्या, चौथ्या, आठव्या दिवशी परत विचारला जातो. तीनदा बरोबर आला की चिठ्ठी बाहेर.

तो, ती, ते : स्वयंपाकघरात दहा मिनिटं

हिंदीत लिंगं दोन, मराठीत तीन. शिवाय दोन्हींकडचा एकच शब्द वेगळ्या लिंगाचा असू शकतो. हिंदीत आवाज आणि चाय स्त्रीलिंगी, म्हणून मूल "मोठी आवाज", "चहा झाली" म्हणतं. हिंदीतली पुस्तक स्त्रीलिंगी, घर पुल्लिंगी. मराठीत दोन्ही नपुंसकलिंगी, म्हणून "चांगली पुस्तक" आणि "मोठा घर" वहीत उतरतात.

हे वहीपेक्षा ओट्याजवळ लवकर शिकता येतं. आईने किंवा आजीने वस्तू दाखवायची, मुलाने "तो, ती, ते" लावून रंग किंवा आकार सांगायचा: तो काळा तवा, ती लांब पळी, ते मोठं पातेलं, तो चमचा, ती वाटी, ते ताट, ती कढई, ते लाटणं. सहा दिवसांत साठ वस्तू होतात. नंतर हेच क्रियापदावर न्यायचं: मी लाडू खाल्ला, मी जिलबी खाल्ली, मी केळं खाल्लं, मी पोहे खाल्ले. खाणारा मुलगा असो वा मुलगी, क्रियापद खाल्लेल्या वस्तूकडे बघतं. सकाळी पोहे-जिलबी समोर असताना हा सराव घेतला तर पुस्तक उघडावंच लागत नाही.

इथेच दोन चुका आणखी निघतात. हिंदीतल्या "मैंने"वरून "मीने" येतं. मराठीत "मी" तसाच राहतो, "ने" फक्त त्याने, तिने, नेहाने यांना. आणि "मुझे जाना है"वरून "मला जाणं आहे" येतं. ते "मला जायचं आहे" असं हवं.

"मी जाऊन राहिलो" हे आपल्याकडे घरोघरी बोललं जातं. त्यासाठी मुलाला रागवू नका, घरातली माणसंही तसंच बोलतात, आणि आपल्या आजोबांची भाषा चुकीची आहे असं मुलाच्या मनात बसता कामा नये. एवढंच सांगा, "बोलताना असं, पेपरात 'मी जात आहे'." तसंच "चांगलं" की "चांगले" याचं. दोन्ही चालतात, पण बऱ्याच पाठ्यपुस्तकांत "चांगले, केले, घर मोठे" असं छापतात. वर्गात जे लिहून घेतात तेच पेपरभर ठेवावं, एका ओळीत एक आणि पुढच्या ओळीत दुसरं नको.

"आम्ही" आणि "आपण" यांना हिंदीत एकच "हम". ज्याच्याशी बोलतोय तो सामील असेल तर आपण, नसेल तर आम्ही. "आजी, आम्ही खेळायला जातो" म्हणजे आजी घरीच. "आजी, आपण देवळात जाऊया" म्हणजे आजीही बरोबर.

ओळखीचे दिसणारे शब्द

काही शब्द दोन्ही भाषांत आहेत, पण अर्थ वेगळा. "मुलींना शिक्षा मिळाली पाहिजे" असं चांगल्या भावनेने लिहिणाऱ्या मुलाला शिक्षण म्हणायचं असतं. "डबा खाली आहे" म्हणजे मराठीत डबा वर नाही, तो रिकामा आहे असं नव्हे. "सही उत्तर" म्हणजे बरोबर उत्तर नव्हे, सही म्हणजे नाव लिहून केलेली खूण. "संसारात खूप देश आहेत" याऐवजी "जगात". "कल" एकच असला तरी मराठीत "काल" मागे आणि "उद्या" पुढे. असे शब्द मुलाच्या निबंधातूनच वेचा. छापील याद्यांमधून शिकवलेले शब्द राहत नाहीत, स्वतःच्या वाक्यात चुकलेले राहतात.

अंक अक्षरी लिहायचे असतील तर नऊवर संपणाऱ्या संख्या आधी घ्या, कारण घसरण तिथेच आहे: एकोणतीस, एकोणपन्नास, एकोणसत्तर, एकोणनव्वद. नव्व्याण्णव मात्र या ओळीत बसत नाही.

आठ-दहा ओळींचा निबंध

नववा आणि दहावा दिवस यासाठी. विषय जवळचा द्या: आमची गल्ली, माझी आजी, पावसाळ्यातली सकाळ, सराफ्यातली रात्र. आधी तोंडी. मुलाने बोटांवर पाच मुद्दे मोजायचे आणि प्रत्येकावर दोन वाक्यं बोलायची. बोलताना हिंदी शब्द आला तर थांबवू नका, वाक्य संपल्यावर तोच मुद्दा मराठीत म्हणून दाखवा. मग लिहायचं. तोंडी न बोलता थेट लिहायला बसवलेलं मूल पाठ केलेला निबंध उतरवतं, आणि विषय जरा बदलला की कोरं राहतं.

तपासताना त्या दिवशी फक्त एकाच जातीची चूक सुधारा. आज जोडून लिहिणं असेल तर ऱ्हस्व-दीर्घाकडे डोळेझाक करा. संपूर्ण पान लाल झालं तर मूल पुढच्या वेळी चारच ओळी लिहितं, कारण कमी लिहिलं की कमी चुकतं हे त्याला कळून चुकलेलं असतं.

पत्र असेल तर मायना वर्गात सांगितलेलाच घ्या. जुनं "तीर्थरूप... यांस शिरसाष्टांग नमस्कार" आणि नवं "प्रिय आजोबा, सादर नमस्कार" दोन्ही बरोबर आहेत, पण आजोबांनी घरी एक शिकवायचं आणि वर्गात दुसरं मागायचं, यात मुलाची ओढाताण होते.

शिकवणाऱ्या आईचं स्वतःचं शिक्षण हिंदीत झालेलं असेल आणि मराठी वाचताना तीही अडत असेल, तर त्यात संकोच नको. तिने लांब शब्द मुलाबरोबरच सोडवावेत. शंका आली तर आजोबांना फोन करावा, तोही मुलानेच लावावा.

शेवटचे दोन दिवस

अकराव्या दिवशी पूर्ण सराव पेपर, खऱ्या वेळेत, टेबलावर, कुणी शेजारी न बसता. चाळीस गुण आणि दीड तास असेल तर वेळ अशी वाटावी: पेपर वाचायला पाच मिनिटं, उतारा वीस, व्याकरण आणि शब्द पंचवीस, निबंध किंवा पत्र तीस, तपासायला दहा. उतारा वाचण्याआधी त्याखालचे प्रश्न एकदा वाचायला सांगा, म्हणजे काय शोधायचं ते माहीत असतं. एखादा प्रश्न अडला तर समोर टिंब देऊन पुढे जायचं.

तपासायची दहा मिनिटं "परत वाच" म्हणून मिळत नाहीत, मूल आपलं लिहिलेलं नुसतं न्याहाळतं. चार फेऱ्या ठरवून द्या आणि सराव पेपरात त्या करून घ्या. पहिल्या फेरीत प्रश्नांचे क्रमांक बोटाने मोजायचे, टिंब दिलेला प्रश्न राहिला का ते पाहायचं. दुसऱ्या फेरीत फक्त पूर्णविराम. तिसऱ्या फेरीत सुटे राहिलेले खाली, समोर, साठी. चौथ्या फेरीत शब्दांच्या शेवटच्या वेलांट्या आणि उकार.

बाराव्या दिवशी नवं काही नाही. ढिगात उरलेल्या चिठ्ठ्यांतल्या दहा विचारायच्या, एक सोपा उतारा मोठ्याने वाचून घ्यायचा आणि वही बंद करायची. पेन्सिली, रबर, पट्टी रात्रीच कंपासमध्ये. सकाळी वर्गाच्या वाटेवर मुलाला शब्द विचारत बसू नका. त्याच्याशी नेहमीसारखं मराठीत बोलत जा, म्हणजे पेपर हातात येईपर्यंत कान मराठीवर आलेले असतात.